स्थलांतर आणि डायस्पोरा शिकायचंय? खान्देशातल्या मुलामुलींसाठी पात्रता, अर्ज आणि कागदपत्रांची माहिती

माणसं गाव का सोडतात, दुसरीकडे जाऊन काय होतात, मागच्या गावाशी नातं कसं टिकवतात, हा युनिव्हर्सिटीत रीतसर शिकायचा विषय आहे, त्यात डिप्लोमा आहे, एमए आहे, पीएचडी आहे, पण आपल्या जळगाव-धुळे-नंदुरबारकडे बीए झालेल्या पोरापोरींना हे कुणी सांगतच नाही. डायस्पोरा म्हणजे आपला मुलूख सोडून परदेशात वसलेला समाज, पण तो शब्द ऐकला की अमेरिकेतले एनआरआय एवढंच डोळ्यासमोर येतं. खरं तर त्यात 1834 पासून मॉरिशसला मळ्यांवर करारावर नेलेले मजूर येतात (पोर्ट लुईचा आप्रवासी घाट 2006 मधे युनेस्कोच्या यादीत आला), तिथले आजचे मराठी लोक येतात, कोकणातून इस्राएलला गेलेले बेने इस्राएल येतात, आखाती देशात कामाला गेलेले लोक येतात. आणि स्थलांतराच्या अभ्यासात तर आपली घरंच येतात. सुरतच्या उधना, लिंबायत, डिंडोलीत राहणारे आपले काका-मामा, धडगाव-अक्कलकुव्याकडून बारडोलीला ऊसतोडीला जाणाऱ्या जोड्या, सरदार सरोवरात मणिबेली बुडालं तेव्हा उठवलेली कुटुंबं. मला मनापासून वाटतं की या विषयाला खान्देशातली मुलं जितकी तयार आहेत तितकी फार कमी ठिकाणची असतील, म्हणून अर्जाची सगळी माहिती एका जागी लिहितोय.

पहिली गोष्ट, बीएला हा विषय शोधत बसू नका. बीए समाजशास्त्र, इतिहास, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, भूगोल, मराठी, इंग्रजी कशातही करा, चालतं. बीकॉम-बीएस्सीवाल्यांनाही बऱ्याच एमएला अर्ज करता येतो. नेट म्हणजे प्राध्यापकी आणि संशोधनासाठीची पात्रता परीक्षा, तिच्यासाठी पुढे एमएचा विषय महत्त्वाचा ठरतो, तेव्हा एमए निवडताना मात्र विचार करा.

घरी राहून शिकायचं असेल तर इग्नू या मुक्त विद्यापीठाचा मायग्रेशन अँड डायस्पोरा हा पीजी डिप्लोमा आहे. कुठल्याही शाखेची पदवी लागते, एन्ट्रन्स नाही, अर्ज ऑनलाइन, प्रवेश वर्षातून दोनदा म्हणजे जानेवारी आणि जुलै सेशनला. इथे मुलं अडकतात ती डीईबी आयडीपाशी. डिस्टन्सच्या कुठल्याही कोर्सला आता यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाचा नंबर म्हणजे डीईबी आयडी लागतो आणि तो काढायला आधी एबीसी आयडी म्हणजे अपार, विद्यार्थ्याच्या क्रेडिटच्या खात्याचा नंबर, लागतो, जो डिजिलॉकरमधून निघतो, आणि डिजिलॉकर आधारला जोडलेल्या मोबाइल नंबरवर ओटीपी पाठवतो. तेव्हा आधारला जुना बंद पडलेला नंबर असेल तर सगळ्यात आधी तो बदलून घ्या, मग पुढचं. नोकरी करणाऱ्यांना, लग्न झालेल्या मुलींना हा रस्ता मला सगळ्यात सोयीचा वाटतो.

रेग्युलर करायचं असेल तर मुंबईत देवनारला दोन संस्था आहेत, एकीकडून दुसरीकडे चालत जाता येतं. एक टिस म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस, 1936 ची, आणि दुसरी आयआयपीएस, 1956 ची, जिथे लोकसंख्येचा अभ्यास होतो आणि स्थलांतर व नागरी अभ्यासाचा वेगळा विभाग आहे. आकडे आवडत असतील तर आयआयपीएस, माणसांशी बोलायला आवडत असेल तर टिस, असं मी साधारण सांगतो. हैदराबाद विद्यापीठात 1996 पासून भारतीय डायस्पोराचं केंद्र आहे, तिथे मुख्य काम संशोधनाचं, म्हणजे पीएचडीचं. नंदुरबार-नवापूरच्या मुलांनी गुजरात केंद्रीय विद्यापीठही बघावं, तिथेही डायस्पोराचा अभ्यास होतो.

टिस आणि केंद्रीय विद्यापीठांच्या एमएसाठी सीयूईटी पीजी ही सामायिक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. ती एनटीए ही केंद्राची परीक्षा घेणारी संस्था घेते, कॉम्प्युटरवर होते, बरोबर उत्तराला 4 मार्क आणि चुकलं की 1 वजा. फॉर्म साधारण डिसेंबर-जानेवारीत निघतात आणि परीक्षा मार्चच्या आसपास. टीवायला असाल तरी फॉर्म भरता येतो, मार्कशीट नंतर द्यायची असते. एक लक्षात ठेवा, एनटीएचा फॉर्म म्हणजे अ‍ॅडमिशन नव्हे. त्यानंतर प्रत्येक विद्यापीठाच्या पोर्टलवर वेगळं रजिस्ट्रेशन करावं लागतं, फी वेगळी, तारीख वेगळी, आणि परीक्षा देऊन हे दुसरं रजिस्ट्रेशन न केल्यामुळे सीट गेलेली मुलं दर वर्षी भेटतात.

आता कागदपत्रं. दहावी-बारावीच्या मार्कशीट, पदवीच्या सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट, आधार, फोटो, सही, कॉलेजची टीसी, आणि दुसऱ्या विद्यापीठात जाताय म्हणून आपल्या बहिणाबाई चौधरी विद्यापीठाचं मायग्रेशन सर्टिफिकेट. मधे वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. हे सगळ्यांना माहीत असतं. घोळ होतो तो जातीच्या आणि उत्पन्नाच्या कागदांत, म्हणून त्यावर जरा जास्त लिहितो.

केंद्राच्या संस्थेत राज्याचं नॉन क्रिमीलेअर चालत नाही. केंद्र सरकारच्या नमुन्यातलं ओबीसी-एनसीएल सर्टिफिकेट वेगळं काढावं लागतं, आणि ते चालू आर्थिक वर्षातलं, म्हणजे 1 एप्रिलनंतरचं मागतात. केंद्रात व्हीजे, एनटी, एसबीसी असे प्रवर्गच नाहीत. म्हणजे बंजारा, धनगर, वंजारी समाजाच्या मुलांनी तिथे ओबीसी लिहायचं, कारण केंद्राच्या यादीत ते ओबीसीत आहेत. कुणबी दाखला असेल तर तोही केंद्रात ओबीसी. मराठा समाजाचं एसईबीसी केंद्रात लागू नाही, तिथे ईडब्ल्यूएसचा पर्याय राहतो, पण ईडब्ल्यूएसला 8 लाखांच्या उत्पन्नाबरोबर जमिनीचीही अट आहे, घरची शेती 5 एकर किंवा त्याहून जास्त असेल तर बसत नाही, मग ती कोरडवाहू का असेना. उलट केंद्राच्या नॉन क्रिमीलेअरमधे 8 लाखांचा हिशोब करताना पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत, हे बऱ्याच पालकांना ठाऊक नसतं आणि ते अर्जच करत नाहीत. आदिवासी मुलांनी जातीच्या दाखल्यावर थांबू नये, वैधतेचं प्रकरण बीएला असतानाच समितीकडे टाकून ठेवावं, कारण त्याला वेळ लागतो आणि पुढे राज्याच्या जवळजवळ सगळ्या योजनांत ते मागतात. सेतूत जाताना केंद्राचा नमुना हवा हे तोंडाने स्पष्ट सांगा, नाहीतर सवयीने राज्याचाच फॉर्म भरला जातो.

नावाचंही बघा. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी असतं, पाटील निलेश भाऊसाहेब, आधारवर निलेश भाऊसाहेब पाटील, आणि पासपोर्टला आडनावाचा रकाना वेगळा. क्रम उलटा असला तर सहसा चालून जातं, पण इंग्रजी स्पेलिंगमधे भाऊसाहेबचा एक यू इकडे आहे आणि तिकडे नाही असं झालं की व्हेरिफिकेशनला अडतं. दहावीच्या मार्कशीटवरचं स्पेलिंग पक्कं धरा आणि बाकी सगळं त्याच्यासारखं करून घ्या.

मुलाखत असेल किंवा परदेशी अर्ज असेल तर स्टेटमेंट ऑफ पर्पज लागतं. 'जागतिकीकरणाच्या युगात स्थलांतर ही ज्वलंत समस्या आहे' असलं काही लिहू नका, शंभर जण तेच लिहितात. तुमच्या पाड्यावर दिवाळीनंतर मुकादमाचा ट्रक लागतो, उचल घेतलेल्या जोड्या पोरांसकट निघतात, नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो, आणि तीच माणसं होळीआधी भोंगऱ्याच्या बाजाराला परत दिसतात, हे लिहा. किंवा सुरतच्या मराठी माध्यमाच्या शाळेत शिकलेला, घरात अहिराणी, कारखान्यावर गुजराती-हिंदी बोलणारा चुलतभाऊ श्रावणात कानबाईच्या रोटांना गावी येतो तेव्हा त्याला गाव कुठलं विचारलं तर तो काय सांगतो, हे लिहा. आणि मग त्यातून एक प्रश्न काढा ज्याचं उत्तर तुम्हाला खरंच हवंय. निवड करणारे तेच शोधत असतात.

पीएचडीचे नियम यूजीसीने 2022 ला बदलले. पदव्युत्तरला 55 टक्के, एससी, एसटी, नॉन क्रिमीलेअर ओबीसी, दिव्यांग, ईडब्ल्यूएसला 5 टक्के सूट, चार वर्षांची पदवी असेल तर थेट अर्ज पण 75 टक्के हवेत. 2024 पासून नेटचा स्कोअर पीएचडी प्रवेशाला चालतो, पण जेआरएफ म्हणजे नेटमधून मिळणारी संशोधनाची फेलोशिप नसेल तर तो एकच वर्ष धरतात. जेआरएफ मिळाली तर सुरुवातीला महिन्याला 37,000 रुपये. नसेल तर एससीसाठी बार्टी, मराठा-कुणबीसाठी सारथी, ओबीसी-व्हीजेएनटी-एसबीसीसाठी महाज्योती यांच्या फेलोशिप आहेत, त्यांना पीएचडीचं कन्फर्म रजिस्ट्रेशन लागतं.

परदेशात जायचं तर लंडनच्या सोआसमधे मायग्रेशन अँड डायस्पोरा स्टडीज नावाचंच एमए आहे. युरोपात एमिर नावाची दोन वर्षांची एमए आहे, जर्मनीच्या ओल्डेनबर्गमधून चालते, त्याला युरोपियन युनियनची इरॅस्मस मुंडस स्कॉलरशिप मिळाली तर महिन्याला 1400 युरो. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग स्कॉलरशिपला 2,800 तास कामाचा अनुभव लागतो आणि नंतर दोन वर्षं भारतात राहावं लागतं. या सगळ्यांना पासपोर्ट, विद्यापीठाच्या परीक्षा विभागाचं ट्रान्सक्रिप्ट आणि शिक्षकांची दोन-तीन शिफारसपत्रं लागतात. इंग्रजीच्या पुराव्यासाठी बहुतेक वेळा आयईएलटीएस, ज्याचा स्कोअर दोनच वर्षं चालतो, तेव्हा फार आधी देऊन ठेवू नका.

सरकारी मदतीत एससी, विमुक्त-भटक्या, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर कुटुंबातल्या मुलांसाठी केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप आहे, 125 जागा, किमान 60 टक्के मार्क, वय 35 च्या आत, उत्पन्न 8 लाखांपर्यंत. आदिवासी मंत्रालयाची वेगळी आहे, 20 जागा, उत्पन्न मर्यादा 6 लाख. पण पहिल्या योजनेत 2022 च्या नियमावलीने एक कलम घातलं, भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावर आधारलेले सामाजिक विषय यांना पैसे मिळणार नाहीत. आपल्या विषयाला हे थेट लागतं आणि माझ्या मते हे कलम चुकीचं आहे, ज्यांची माणसं पिढ्यानपिढ्या पोटासाठी फिरली त्यांनाच त्याचा अभ्यास बाहेर जाऊन करता येत नाही. तेव्हा ऊसतोड किंवा सुरत असा विषय पक्का असेल तर या योजनेच्या भरवशावर परदेशी विद्यापीठाचं डिपॉझिट भरू नका, त्या वर्षीची जाहिरात आधी वाचा, आणि इरॅस्मस, चेव्हनिंग किंवा राज्याच्या सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती यांचे फॉर्म सोबत भरून ठेवा.