स्वायत्त महाविद्यालय की अभिमत विद्यापीठ? प्रवेशाआधी समजून घ्यायचा फरक

अभियांत्रिकी किंवा व्यवस्थापनाच्या प्रवेशासाठी माहितीपत्रके चाळताना ‘ऑटोनॉमस’ म्हणजे स्वायत्त आणि ‘डीम्ड’ म्हणजे अभिमत, ही दोन विशेषणे सतत भेटतात. दोन्हीकडे अभ्यासक्रम संस्थेचा, परीक्षा संस्थेची आणि निकालही संस्थेचाच असल्यामुळे पुष्कळ पालक दोहोंना एकाच पंक्तीत बसवतात. वर्गात बसणाऱ्या विद्यार्थ्यालाही फरक फारसा जाणवत नाही. तो दिसतो पदवी प्रमाणपत्रावर, आणि त्याच्या कितीतरी आधी, शुल्काच्या पावतीवर.

स्वायत्त महाविद्यालय हे शेवटी विद्यापीठाशी संलग्न असलेले महाविद्यालयच असते. मुंबईचे व्हीजेटीआय किंवा सेंट झेवियर्स मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत, सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय शिवाजी विद्यापीठाशी. अभ्यासक्रम आखणे, प्रश्नपत्रिका काढणे, उत्तरपत्रिका तपासणे आणि निकाल लावणे एवढे अधिकार त्यांना मिळालेले असतात, परंतु पदवी मूळ विद्यापीठाचीच मिळते. तिच्यावर महाविद्यालयाचे नाव असते इतकेच. ही स्वायत्तता कायमचीही नसते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमांनुसार ती पहिल्यांदा १० वर्षांसाठी दिली जाते आणि पुढे मुदतवाढ घ्यावी लागते.

अभिमत विद्यापीठाला मात्र वर कोणतेही मूळ विद्यापीठ नसते. आयोगाच्या १९५६ च्या कायद्यातील कलम ३ खाली, आयोगाच्या शिफारशीवरून केंद्र सरकार एखाद्या संस्थेला हा दर्जा देते, आणि मग ती संस्था स्वतःच्या नावाने पदवी देते. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेला तो १९६४ मध्ये मिळाला, पुण्याच्या भारती विद्यापीठाला १९९६ मध्ये, सिंबायोसिसला २००२ मध्ये. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालानंतर आयोगाने या संस्थांना आपल्या नावात नुसते ‘युनिव्हर्सिटी’ लिहिण्यास मनाई केली होती, यावरून नावांचा घोळ किती वाढला होता याची कल्पना यावी. राज्याच्या स्वतंत्र कायद्याने स्थापन झालेली खासगी विद्यापीठे हा आणखी वेगळा, तिसरा प्रकार आहे. शुल्क आणि सवलतींच्या बाबतीत मात्र विद्यार्थ्याचा अनुभव तेथे बराचसा अभिमत विद्यापीठासारखाच असतो. दर्जा बदलूही शकतो. पुण्याचे सीओईपी हे अभियांत्रिकी महाविद्यालय अनेक वर्षे स्वायत्त महाविद्यालय होते; २०२२ मध्ये ते राज्याच्या कायद्याने स्वतंत्र तंत्रज्ञान विद्यापीठ झाले. म्हणून थोरल्या भावंडाच्या वेळची माहिती धाकट्यासाठी जशीच्या तशी धरू नये.

खरा प्रश्न पैशाचा आहे, आणि समुपदेशनाच्या मेळाव्यांत नेमका तोच सर्वात शेवटी निघतो. महाविद्यालय स्वायत्त झाले म्हणजे ते शुल्कापुरते मोकळे झाले, असे होत नाही. विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयाचे शुल्क, ते स्वायत्त असले तरी, राज्याचे शुल्क नियामक प्राधिकरणच मंजूर करते, आणि तेथील बहुतांश जागा राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाच्या, म्हणजे सीईटी कक्षाच्या, केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅप फेऱ्यांतून, राज्याच्या आरक्षणासह भरल्या जातात. याच वाटेने आलेल्या आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांच्या आत असलेल्या विद्यार्थ्याला राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीचा आधार मिळू शकतो. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना याच उत्पन्नमर्यादेत २०२४-२५ पासून शिक्षण व परीक्षा शुल्काची संपूर्ण माफी आहे. ही माफी खासगी अभिमत विद्यापीठे आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे, म्हणजे वर सांगितलेला तिसरा प्रकार, वगळून दिलेली आहे. व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्था स्तरावर घेतलेल्या प्रवेशालाही ती मिळत नाही. तेव्हा दोन संस्थांच्या छापील शुल्कांची तुलना करून भागत नाही. सवलत वजा जाता चार वर्षांत प्रत्यक्ष किती भरावे लागेल, हा आकडा दोन्हीकडचा काढावा. साताऱ्याच्या किंवा परभणीच्या मध्यम उत्पन्नाच्या घरातील मुलीसाठी हा एकच हिशेब कित्येकदा निर्णय फिरवतो.

अभिमत विद्यापीठे प्रवेशासाठी बहुधा स्वतःची परीक्षा घेतात आणि त्यांची वेळापत्रके कॅप फेऱ्यांच्या आधीच सरकतात. हातची जागा जाईल या धास्तीने पालक तेथे मोठी रक्कम भरून बसतात, आणि नंतर कॅपमध्ये चांगले महाविद्यालय मिळाले तरी पैशात अडकतात. शुल्क परताव्याचे नियम भरणा करण्यापूर्वीच लेखी घ्यावेत, असे माझे आग्रहाचे मत आहे. अभिमत विद्यापीठांच्या या वेगळ्या प्रवेशपद्धतीला एक ठळक अपवाद सांगायलाच हवा. मुंबईची रसायन तंत्रज्ञान संस्था, म्हणजे आयसीटी, २००८ पासून अभिमत विद्यापीठ असूनही राज्याच्या कॅप फेऱ्यांतून प्रवेश देते. त्यामुळे ‘डीम्ड’ म्हणजे महागडे आणि पैसेवाल्यांचे, हा सरसकट समजही चुकीचाच आहे. वैद्यकीय शाखेत दोन्हीकडे ‘नीट’ हीच प्रवेश परीक्षा लागते, पण समुपदेशन वेगळे असते: राज्यातील खासगी महाविद्यालयांसाठी सीईटी कक्षाचे, अभिमत विद्यापीठांसाठी केंद्रीय समितीचे. दोन्ही ठिकाणी स्वतंत्र नोंदणी करावी लागते.

गुणवत्तेच्या बाबतीत मात्र केवळ दर्जावरून कोणताही निष्कर्ष काढता येत नाही. शिकवणारेच प्रश्नपत्रिका काढतात आणि तपासतात, ही सोय दोन्हीकडे आहे. चांगल्या संस्थेत तिच्यामुळे अभ्यासक्रम काळाबरोबर चालतो, सामान्य संस्थेत गुण सढळ हाताने वाटले जातात. म्हणून आपल्याला हव्या त्या शाखेतील शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना गाठून विचारावे की अभ्यासक्रम शेवटचा कधी बदलला, बाहेरचे परीक्षक येतात का, एटीकेटी (काही विषय राहिले तरी पुढच्या वर्षात जाण्याची मुभा) आणि फेरपरीक्षेचे नियम काय आहेत. स्वायत्त संस्थेत हे नियम तिचे स्वतःचे असतात, आणि मध्येच महाविद्यालय बदलायचे झाले तर दोन अभ्यासक्रमांची समकक्षता जुळवताना विद्यार्थ्याची दमछाक होते. अभिमत विद्यापीठाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट तपासावी: आपल्याला प्रवेश मिळतो आहे ते संकुल मुख्य ठिकाणापासून वेगळ्या शहरात असेल, तर त्या केंद्राला स्वतंत्र मंजुरी आहे का, आणि अभ्यासक्रम तांत्रिक असेल तर अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता त्याच संकुलासाठी आहे का.