कार्बुरेटरच्या आधी सायलेन्सर उघडा

जुना चेनसॉ (लाकूड कापायची साखळीची करवत) दमायला लागला की हात आधी कार्बुरेटरच्या, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागाच्या, स्क्रूकडे जातो. तो आवरावा. बिघाड दुसरीकडे असताना स्क्रू फिरवला, तर मूळ दुखणं झाकलं जातं.

आधी भुसा बघा. धारदार साखळी जाडसर ढलप्या काढते, बोथट साखळी पीठ पाडते. काप एका बाजूला वळत असेल, तर डाव्या-उजव्या दात्यांची लांबी किंवा बारच्या (साखळी जिच्यावरून फिरते त्या पट्टीच्या) दोन्ही कडांची झीज सारखी नसते. स्प्रॉकेटवर (साखळी फिरवणाऱ्या दातेरी चाकावर) अर्धा मिलिमीटर खोल खाचा पडल्या असतील तर तो बदलाच. त्यावर चढवलेली नवी साखळीही लवकर जाते. आयडलिंग (थ्रॉटल सोडल्यावरचा इंजिनाचा वेग) बरोबर असूनही साखळी फिरत राहिली, तर क्लचच्या (इंजिन साखळीला जोडणाऱ्या भागाच्या) स्प्रिंगा ढिल्या झाल्या आहेत.

आता इंजिन. स्पार्क प्लग काढून तिथे दाब मोजणारा गेज लावा, थ्रॉटल पूर्ण दाबून धरा आणि काटा थांबेपर्यंत दोरी ओढा. साधारण १२० पीएसआयच्या (दाबाचं एकक) वर दाब असेल तर ठीक. ९०च्या खाली असेल तर इंजिन सुरू होणंच कठीण. पण आकडा चांगला आला तरी सायलेन्सर खोलाच. इंजिन गार झाल्यावर सायलेन्सरचे दोन-तीन बोल्ट काढले, पिस्टन वर आणला आणि टॉर्च मारला की पिस्टनची बाजू दिसते. इथे उभे चरे असतील तर इंजिन तापलं आहे: पेट्रोलमध्ये ऑइल कमी पडलं किंवा हवा जास्त झाली. चरे कार्बुरेटरच्या बाजूला असतील, तर फिल्टरमधून धूळ आत गेली आहे.

ही जास्तीची हवा बरेचदा क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतो त्या शाफ्टच्या) सीलमधून शिरते. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलमधूनच येतं, त्यामुळे मिश्रण पातळ झालं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडलं, की उष्णता वाढते आणि वंगणही घटतं. अशी दुहेरी मार बसते. थ्रॉटल सोडल्यावर आवाज लगेच उतरत नसेल, तर संशय घ्या.

खात्रीसाठी इनटेक (हवा-पेट्रोल आत येण्याचं) आणि एक्झॉस्ट (धूर बाहेर जाण्याचं) ही तोंडं रबराने बंद करून सुमारे ७ पीएसआय हवा भरा. काटा उतरला तर साबणाचं पाणी लावून फुगे कुठे येतात ते शोधा. मग व्हॅक्यूम देऊनही तपासा. आतला दाब सीलची ओठासारखी कड शाफ्टवर घट्ट बसवतो, व्हॅक्यूम तीच कड उचलतो. त्यामुळे दाबाच्या चाचणीत पास झालेलं सील इथे उघडं पडू शकतं.