पट्टी किती आवळायची? हाडवैद्याच्या कामट्यांची जुनी गोष्ट

बैलगाडीवरून पडून हात मोडला की विदर्भातल्या खेड्यात आजही आधी चर्चा होते ती 'न्यायचं कोणाकडे' याची. दवाखाना तालुक्याला, हाडवैद्य शेजारच्या गावात. तो हाड चाचपतो, ओढून बसवतो, पाल्याचा लेप देतो आणि बांबूच्या कामट्या लावून पट्टी बांधतो.

याला अडाणीपणा म्हणून मोकळं होता येत नाही. सुश्रुतसंहितेत हाड मोडण्याचे बारा आणि सांधा निखळण्याचे सहा प्रकार सांगितले आहेत. आधाराच्या पट्ट्यांना तिथं 'कुश' म्हटलंय आणि त्या कशाच्या करायच्या तेही दिलंय: मोह, उंबर, पिंपळ, पळस, अर्जुन यांची साल, शिवाय बांबू आणि वड. गडचिरोली-गोंदियाकडच्या माणसाला यातलं एकही झाड ओळखून द्यावं लागणार नाही.

त्याच ग्रंथातला एक इशारा मात्र वाटेत कुठंतरी गळून पडला. पट्टी सैल राहिली तर सांधा स्थिरावत नाही. फार आवळली तर सूज येते, ठणका लागतो, कातडी पिकते. म्हणून थंडीत सात दिवसांनी, समशीतोष्ण ऋतूत पाच आणि उन्हाळ्यात तीन दिवसांनी ती सोडून पुन्हा बांधायची. आज कामट्या तेवढ्या राहिल्यात, सोडण्याचं वेळापत्रक बऱ्याच ठिकाणी नाही. आवळलेल्या पट्टीखाली रक्त पोचेनासं होऊन हाताचे स्नायू मरतात आणि बोटं कायमची आकडतात, हे जर्मन शल्यवैद्य फोल्कमान यांनी १८८१ साली मांडलं. पलस्तरालाही हा धोका आहेच. बोटं गार पडली, निळसर झाली, बधिर झाली किंवा सरळ करताना जीव जाईल इतकं दुखलं, तर सकाळची वाट पाहायची नाही. पट्टी तेव्हाच सोडायची आणि दवाखाना गाठायचा.

पलस्तर तसं अलीकडचंच. प्लॅस्टर ऑफ पॅरिस चोळलेल्या पट्टीची पद्धत डच लष्करी शल्यवैद्य मथायसेन यांनी १८५२ साली प्रसिद्ध केली. एक्स-रे सापडला १८९५ साली. आपल्याकडे नागपूरचं मेडिकल कॉलेज १९४७चं, सेवाग्रामचं १९६९चं. त्यामुळं खेड्याचा भरवसा आधीपासून हाडवैद्यावर बसलेला, यात नवल नाही.

भरवसा टिकला याला आणखी एक कारण आहे, आणि ते हाडातच आहे. मोडल्या जागी रक्त साकळतं, दोन-तीन आठवड्यांत तिथं कूर्चेसारखा मऊ सांधा धरतो, मग तो कठीण होत जातो. मोठ्या माणसाचं हाड धरायला साधारण सहा ते बारा आठवडे लागतात. जुळण्याचं काम हाड स्वतःच करतं, पट्टी त्याला फक्त हलू देत नाही. नुसती चीर असेल तर लेप लावा न लावा, ती भरते, आणि नाव पाल्याचं होतं. हाड सरकलं असेल तर तेही जुळतं, पण वाकडं. हा फरक हाताला नेहमी कळत नाही, एक्स-रेत दिसतो.

वयाचा हिशेबही सुश्रुतानं दिलाय: कोवळ्या वयात एक महिना, मधल्या वयात दोन, उतारवयात तीन. पथ्यात दूध-तूप सांगितलंय, खारट-आंबट-तिखट टाळायला सांगितलंय. आजचे डॉक्टर दूध, अंडी, डाळी खा म्हणतात आणि तंबाखू सोडायला लावतात, कारण निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात आणि हाड भरायला उशीर लागतो. तंबाखू आपल्याकडे आली पोर्तुगीजांच्या काळात, म्हणून संहितेच्या पथ्यात ती नाही. एक हात गळ्यात अडकवून दुसऱ्यानं खर्रा तोंडात टाकणाऱ्यांना तेवढीच सबब.