पाकिटावरचा आकडा आणि ‘ओव्हरक्लॉकिंग’ हा शब्द : पार्श्वभूमी

रॅमच्या पाकिटावर ६००० हा आकडा छापलेला असतो. तीच पट्टी मदरबोर्डात बसवून पहिल्यांदा बायोस (संगणक चालू करणारी मूळ प्रणाली) उघडले, की तेथे बहुधा ४८०० दिसते. आणि मेमरीचा प्रत्यक्ष क्लॉक, म्हणजे तिची चाल ठरवणाऱ्या ठोक्यांचा वेग, दाखवणारे एखादे साधन चालवले, तर २४०० हा तिसराच आकडा समोर येतो. पट्टीत काही बिघाड नसतो. तिन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर असतात, आणि गेमसाठी मेमरीचा वेग वाढवण्याचा इतिहास समजून घ्यायचा, तर त्यांच्यातली अंतरे आधी समजून घ्यावी लागतात.

दुसऱ्या आणि तिसऱ्या आकड्यातले अंतर केवळ एककाचे आहे. २००० साली डीडीआर या मेमरीच्या प्रकाराचे मानक प्रसिद्ध झाले, तेव्हापासून क्लॉकच्या प्रत्येक आवर्तनात माहिती दोनदा पाठवली जाते. म्हणून २४०० मेगाहर्ट्झच्या क्लॉकवर सेकंदाला ४८०० मेगाट्रान्सफर होतात. विक्रेत्यांनी मात्र मोठ्या आकड्यापुढे वर्षानुवर्षे मेगाहर्ट्झच लिहिले आणि तो घोळ अजून पुरता निस्तरलेला नाही. पहिल्या आणि दुसऱ्या आकड्यातले अंतर वेगळ्या जातीचे आहे. तेथे प्रश्न वेगाचा आहेच, पण त्याहून अधिक तो जबाबदारीचा आहे.

सुरुवातीच्या काळात मेमरी स्वतंत्रपणे ओव्हरक्लॉक करण्याची, म्हणजे प्रमाणित वेगापेक्षा जास्त वेगाने चालवण्याची, सोय फारशी नव्हती. १९९८च्या सुमारास ३०० मेगाहर्ट्झचा एक स्वस्त प्रोसेसर, बसचा (प्रोसेसरला मेमरीशी जोडणाऱ्या मार्गाचा) वेग ६६वरून १०० केला की ४५० मेगाहर्ट्झवर चालत असे, आणि मेमरीला त्या बसच्या मागोमाग जावे लागे. तिने अडवू नये, एवढीच तिच्याकडून अपेक्षा होती. पुढे मेमरी कंट्रोलर, म्हणजे मेमरीशी देवाणघेवाण सांभाळणारा भाग, मदरबोर्डावरून प्रोसेसरच्या आत गेला, एका कंपनीच्या बाबतीत २००३ साली आणि दुसरीच्या बाबतीत २००८ साली. माझ्या मते या इतिहासातले खरे वळण हेच आहे. मेमरी किती वेगाने चालेल, हे आता पट्टीइतकेच प्रोसेसरच्या त्या विशिष्ट नगावर अवलंबून राहू लागले, आणि पट्टीला दिलेल्या जास्त व्होल्टेजची झळ थेट प्रोसेसरला पोहोचू लागली. डीडीआर-३चे प्रमाणित व्होल्टेज १.५ होते, २००८च्या त्या प्रोसेसरांसोबत १.६५च्या वर जाऊ नये, असा इशारा उत्पादकाने दिला होता.

याच सुमारास प्रोफाइल आले. प्रत्येक पट्टीवर एक छोटी चिप असते. तिच्यात त्या पट्टीचे प्रमाणित वेग आणि टायमिंग (प्रत्येक कामासाठी किती आवर्तने थांबायचे ते आकडे) नोंदवलेले असतात, आणि चालू होताना संगणक ते वाचून घेतो. २००६ आणि २००७मध्ये दोन वेगवेगळ्या कंपन्यांनी याच चिपमध्ये मानकाच्या पलीकडचा, पट्टीच्या उत्पादकाने तपासलेला वेग त्याच्या व्होल्टेजसह साठवण्याची पद्धत आणली. त्यांतील दुसरी, एक्सएमपी, टिकली. तोवर एकेक टायमिंग हाताने भरून, संगणक चालूच झाला नाही तर बायोसच्या नोंदी पुसून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागे. ते सारे काम एका पर्यायावर आले.

वाद निर्माण झाला तो येथेच. हे प्रोफाइल आखणारी आणि प्रमाणित करणारी कंपनीच ते चालू करण्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणते, आणि त्यामुळे प्रोसेसरच्या वॉरंटीवर परिणाम होऊ शकतो असे बजावते. पट्टी विकणाऱ्याच्या लेखी तोच वेग म्हणजे मालाचा जाहीर गुण असतो. कंट्रोलरचा प्रत्येक नग सारखा नसतो, त्यामुळे प्रोसेसरवाल्यांचा सावधपणा तांत्रिकदृष्ट्या समजण्यासारखा आहे. पण एकाच वेगाला विकताना वैशिष्ट्य आणि बिघडल्यावर ग्राहकाचे धाडस म्हणणे मला न्याय्य वाटत नाही.

हा वाद बराच काळ हौशी मंडळींपुरता राहिला, कारण ग्राफिक्स कार्डच अडसर असेल तर रॅमच्या वेगाने सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम फारशा वाढत नाहीत. २०१७ साली चित्र पालटले. त्या वर्षी आलेल्या रायझन प्रोसेसरांत गाभ्यांचे (कोरचे) गट जोडणारा अंतर्गत दुवा मेमरीच्या क्लॉकशी बांधलेला होता, त्यामुळे २१३३वरून ३२००वर जाणे म्हणजे प्रोसेसरची आतली वाहतूकही वेगवान करणे होते. गेममध्ये, विशेषतः फ्रेम अचानक घसरतात त्या क्षणी, फरक जाणवू लागला. २०१९च्या पिढीत ३६००चा वेग आणि १८०० मेगाहर्ट्झचा दुवा ही जोडी लोकप्रिय झाली. फार वर गेले की मेमरीचा क्लॉक आणि दुवा यांचे एकास एक हे प्रमाण मोडते आणि वाढलेला वेगच विलंब घेऊन येतो.

विलंबाचा हिशेब येथे मांडलाच पाहिजे, कारण गेममधला प्रोसेसर बहुतेकदा मोठ्या सलग माहितीसाठी नव्हे, तर विखुरलेल्या लहान तुकड्यांसाठी खोळंबतो. मागणी केल्यापासून माहिती येईपर्यंत जाणारी आवर्तने सीएल या टायमिंगने मोजतात. सीएल २ची डीडीआर-४००, सीएल १६ची डीडीआर-४ ३२०० आणि सीएल ३०ची डीडीआर-५ ६०००, या तिघींचाही तो विलंब नेमका १० नॅनोसेकंद येतो. प्रमाणित सीएल २२वर चालणाऱ्या ३२००च्या पट्टीला मात्र १३.७५ नॅनोसेकंद लागतात. म्हणजे प्रोफाइल चालू केल्याचा लाभ केवळ मोठ्या आकड्यात नसून आवळलेल्या टायमिंगमध्येही असतो.

डीडीआर-५साठी, २०२२मध्ये, एक्स्पो हे दुसरे प्रोफाइल आले आणि ६००० हा नवा लोकप्रिय आकडा ठरला. पुढच्याच वर्षी वाढीव कॅश (प्रोसेसरमधली छोटी, जलद मेमरी) असलेले काही प्रोसेसर सॉकेटमध्येच जळाले. मेमरीचे प्रोफाइल निवडताच काही मदरबोर्ड प्रोसेसरच्या एसओसी भागाला (मेमरी कंट्रोलर असतो त्या भागाला) गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज देत होते, आणि अखेर बायोसच्या अद्ययावत आवृत्त्यांतून त्यावर १.३ व्होल्टची मर्यादा घालण्यात आली. ज्या प्रोसेसरांना मोठ्या कॅशमुळे वेगवान मेमरीची गरज सर्वांत कमी होती, त्यांनाच ही झळ बसली. शिवाय वापरणाऱ्याने हाताने एकही आकडा बदललेला नसताना हे घडू शकत होते, ही बाब मला वॉरंटीच्या वादात सर्वांत वजनदार वाटते.

अलीकडे हा प्रश्न अमेरिकेतील न्यायालयांत पोहोचला. पाकिटावरचा वेग पट्टी बसवताच मिळत नाही, ही ग्राहकांची तक्रार होती. पट्ट्या विकणाऱ्यांनी तडजोड केली, आणि तिच्यानुसार वेगाच्या आकड्याला ‘पर्यंत’ हा शब्द जोडण्याचे व तो मिळवण्यासाठी बायोसमध्ये बदल करावे लागतात हे पाकिटावरच सांगण्याचे ठरले.