‘तोडेल नस परत जोडतस का?’ : नसबंदी उलटवण्याची पार्श्वभूमी

सकाळी लॅबचं शटर अर्धंच वर केलं होतं, तेवढ्यात तो वाकून आत आला. तापीकाठच्या गावचा, चाळिशीच्या अलीकडचा माणूस. खिशातून चौपदरी घडी केलेला कागद काढला, तो होता नसबंदीचा दाखला. अकरा वर्षांपूर्वी एक मुलगा, एक मुलगी झाल्यावर ऑपरेशन करून घेतलेलं. मुलगा मागच्या पावसाळ्यात मोटरसायकलच्या अपघातात गेला. काउंटरवर दोन्ही हात ठेवून त्यानं हळूच विचारलं, “भाऊ, तोडेल नस परत जोडतस का?”

जोडतात. पण हे ‘पण’ बरंच लांबचं आहे, आणि त्याची मुळं डॉक्टरच्या टेबलापेक्षा सरकारी मोहिमांच्या इतिहासात जास्त सापडतात.

आधी तोडतात काय ते पाहू. आपल्याकडे अजूनही कितीतरी जण नसबंदी म्हणजे बैल बडवण्यासारखं काहीतरी समजतात. बडवलेल्या बैलाची अंडच निकामी होतात, म्हणून त्याचा माज जातो. नसबंदीत वृषणाला हात लागत नाही. वृषणाकडून वर जाणारी शुक्रवाहिनी तेवढी कापून बांधतात. पुरुषी हार्मोन रक्तातून जातं, या नळीतून नाही. त्यामुळे ताकद, इच्छा, दाढी-मिशी जिथल्या तिथे राहते. शुक्रजंतूही तयार होत राहतात, फक्त बाहेर पडत नाहीत आणि शरीरातच जिरतात. ही नळी बाहेरून बॉलपेनच्या रिफिलएवढी जाड आणि चांगली टणक असते, पण आतली पोकळी मिलिमीटरच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढीच. तोडायला दहा मिनिटं पुरतात आणि जोडायला दोन ते चार तास लागतात, ते या पोकळीमुळे.

महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि त्यापायी आयुष्यभर शिव्या खाल्ल्या. १९५२ मध्ये भारत सरकारनं कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. असा कार्यक्रम हाती घेणारा जगातला हा पहिला देश. त्या काळी भर पुरुषांवर होता. बाईचं ऑपरेशन म्हणजे पोट उघडणं, पुरुषाचं म्हणजे एक भुलीचं इंजेक्शन आणि दोन टाके. साठच्या दशकात मुंबईत डॉ. डी. एन. पै यांनी रेल्वे स्टेशनांवर नसबंदीची केंद्रं थाटली. केरळात एर्नाकुलम जिल्ह्यात १९७०च्या अखेरीस भरलेल्या शिबिरात १५ हजारांवर नसबंद्या झाल्या, आणि पुढच्याच वर्षीच्या शिबिरात ६० हजारांहून अधिक. शिबिर, बक्षीस आणि आकडा हे त्रिकूट तिथे जमलं.

मग आणीबाणी आली. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंद्या झाल्या, त्यातल्या बहुतांश पुरुषांच्या. महाराष्ट्र तर एक पाऊल पुढेच होता. तीन अपत्यांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक १९७६ मध्ये आपल्या विधिमंडळानं मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून कायदा झाला नाही, एवढंच.

माझे मामा त्या वेळी झेडपीच्या शाळेत गुरुजी होते. त्यांच्या तोंडी ‘केस’ हा शब्द नसबंदीला आणायच्या माणसासाठी असे. “दोन केस कमी पडत होत्या, पगार अडकला होता,” असं ते सांगायचे. जीप दिसली की बाप्ये ज्वारीच्या रानात घुसत. मामांनी एका शेतकऱ्याला बांधावर बसून तासभर समजावलं होतं आणि शेवटी म्हणाले होते, “घाबरू नको, वेळ पडली तर परत जोडता येते.” हे वाक्य त्यांना वरून आलं होतं की आकडा भरायचा म्हणून त्यांनीच रचलं, ते मी कधी विचारलं नाही. ते वाक्य मात्र गावात राहिलं. आजही लॅबमध्ये येणारा माणूस तेच घेऊन येतो, जणू कापणं नि जोडणं हे एकाच दुकानात मिळणारे दोन माल आहेत.

मामांचं ते वाक्य निव्वळ थाप नव्हती. नसबंदी उलटवल्याची पहिली नोंद १९१९ सालची, अमेरिकेतल्या क्विन्बी नावाच्या सर्जनची मानतात. आपल्या मुंबईत डॉ. जी. एम. फडके आणि डॉ. ए. जी. फडके यांनी पुन्हा नस जोडलेल्या रुग्णांचा अनुभव १९६७ मध्ये एका आंतरराष्ट्रीय वैद्यकीय नियतकालिकात मांडला होता. दहापैकी आठ जणांच्या वीर्यात शुक्रजंतू परत दिसले आणि निम्म्याहून अधिक घरांत पाळणा हलला. तो काळ पाहता हे यश थक्क करणारंच. पण ते सराव झालेल्या हातांचं होतं, तालुक्याच्या कॅम्पचं नव्हे. पुढे सत्तरच्या दशकात अमेरिकेत सिल्बर आणि ऑस्ट्रेलियात ओवेन यांनी मायक्रोस्कोपखाली केसाहून बारीक दोऱ्यानं टाके घालायची पद्धत बसवली. नसा लाखांनी कापल्या जात होत्या इकडे, आणि जोडायचं तंत्र पक्कं होत होतं सेंट लुईस नि सिडनीत!

त्या तंत्राचा हिशोब १९९१ मध्ये मांडला गेला. अमेरिकेतल्या पाच केंद्रांवरच्या १,४६९ पुरुषांच्या त्या अभ्यासातले आकडे डॉक्टर अजूनही रुग्णाला सांगतात. नसबंदीला तीन वर्षं झाली नसतील तर ९७ टक्के पुरुषांत शुक्रजंतू परत दिसले आणि ७६ टक्के जोडप्यांत दिवस राहिले. तीन ते आठ वर्षं उलटलेली असतील तर ८८ आणि ५३. नऊ ते चौदा वर्षांच्या गटात ७९ आणि ४४. पंधरा किंवा जास्त वर्षं झाली असतील तर ७१ आणि ३०. आमच्या अकरा वर्षांवाल्यानं यातला ४४ चा आकडा लक्षात ठेवावा. ७९ चा आकडा ऐकायला गोड आहे, पण तो फक्त नळी उघडल्याचा आहे.

या दोन आकड्यांत एवढी दरी का? एक तर नळी वर्षानुवर्षं तुंबली की मागचा दाब वाढतो आणि वृषणाला चिकटलेल्या अधिवृषणाच्या बारीक नळ्या कुठेतरी फुटून बुजतात. तिथे दुसरा अडथळा तयार होतो, वरची नस कितीही सुबक जोडली तरी. दुसरं, शरीर आपल्याच शुक्रजंतूंविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. तिसरं कारण बायकोचं वय, आणि घरात त्याबद्दलच सगळ्यात कमी बोललं जातं.

पहिला अडथळा ऑपरेशनच्या टेबलावरच कळतो. सर्जन नस उघडून वृषणाकडच्या टोकातून येणारा थेंब काचेवर घेतो आणि मायक्रोस्कोपखाली पाहतो. थेंब पाण्यासारखा, शुक्रजंतू दिसताहेत, तर नसेला नस जोडायची. टूथपेस्टसारखा घट्ट आणि जंतूंविना निघाला, तर नस थेट अधिवृषणाच्या नळीला जोडावी लागते. हे काम कितीतरी अवघड, यशही कमी, आणि ते सगळ्यांना येत नाही. म्हणून आधीच विचारून घ्यावं : मायक्रोस्कोप वापरता का, आणि वेळ आली तर अधिवृषणाला जोडणी करता का? दुसऱ्या प्रश्नावर डॉक्टर विषय बदलू लागले तर दुसरा डॉक्टर बघावा. जुना दाखला, केसपेपर असेल तर न्यावा. तुकडा किती लांब काढलाय, कुठून कापलंय, हे हातानं तपासूनही बरंचसं समजतं. पूर्वीची टाक्यांची नसबंदी होती की नव्वदच्या दशकात आपल्याकडे आलेली बिनटाक्याची, यानं जोडणीत फारसा फरक पडत नाही. बिनटाक्याची म्हणजे कातडीला चीर नाही. आत नस तशीच कापलेली असते.

बायकोचं वय. पहिली बायको वारल्यावर किंवा सोडचिठ्ठीनंतर दुसरं लग्न केलेले पुरुष माझ्याकडे बरेच येतात, आणि नवी बायको बहुधा तरुण असते. त्यांना नस जोडणं फायद्याचं, एकदा जमलं की दर महिन्याला घरच्या घरी संधी. पण आमच्या तापीकाठच्या माणसासारख्याची बायको छत्तीस-सदतीसची असते. पस्तिशीनंतर गर्भ राहण्याची शक्यता उतरू लागते, चाळिशीनंतर झपाट्यानं. जोडल्यावर वाट बघण्यात वर्ष-दीड वर्ष जातं. तेव्हा नवऱ्याचं ऑपरेशन ठरवायच्या आधी बायकोची सोनोग्राफी आणि बीजांडांच्या साठ्याची रक्ततपासणी व्हायला हवी. अशांना दुसरी वाट आहे : नस न जोडता सुईनं शुक्रजंतू काढून टेस्ट ट्यूब बेबी. त्यालाही वयाची अट आहे. २०२१ च्या कायद्यानुसार बाई पन्नाशीच्या आत आणि पुरुष पंचावन्नच्या आत असावा लागतो. आणि गावच्या राजकारणात असणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावं : १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं अपत्य झालं तर ग्रामपंचायत, झेडपीची निवडणूक लढवता येत नाही, आणि त्यात पहिल्या-दुसऱ्या बायकोची मुलं वेगळी मोजत नाहीत.

हे ऑपरेशन जवळपास का होत नाही, याचंही मूळ १९७७ मध्ये आहे. आणीबाणी उठली, सरकार पडलं, ‘कुटुंबनियोजन’ खातं ‘कुटुंबकल्याण’ झालं. पुरुषांना हात लावायला कोणी धजेना. सगळा भार बायकांच्या टाक्याच्या ऑपरेशनवर गेला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत नसबंदी झालेल्या बायका ३७.९ टक्के आणि पुरुष ०.३ टक्के आहेत. पुरुषांच्या नसबंद्याच इतक्या कमी, तर त्या उलटवून हात बसणार कुणाचा? धुळे, जळगावला सरकारी मेडिकल कॉलेजं आहेत, तिथे आधी चौकशी जरूर करावी. पण मायक्रोस्कोपवर सराव असलेला सर्जन हवा म्हणून लोकांना शेवटी नाशिक, पुणे, मुंबईची गाडी धरावी लागते. कापणारा कॅम्प तेवढा गावात आला होता.

ऑपरेशननंतर तीन-चार आठवडे जड उचलायचं नाही. केळीचे घड नाहीत, पाण्याची मोटर नाही, बुलेटवरचा खड्ड्यांचा रस्ताही नाही. वृषणाला आधार म्हणून घट्ट चड्डी किंवा चक्क लंगोट. संबंधही तितके दिवस बंद. वीर्याची पहिली तपासणी दीड ते तीन महिन्यांनी, मग दर दोन-तीन महिन्यांनी. अधिवृषणाला जोडलेलं असेल तर शुक्रजंतू दिसायला वर्षभरही लागतं. पहिला रिपोर्ट कोरा आला म्हणून रडू नये. पहिला चांगला आला तरी पेढे थोडे थांबूनच वाटावेत, कारण काहींची जोडलेली जागा व्रण भरताना परत आवळते.

आमच्या माणसानं पुण्याला जाऊन नस जोडून घेतली. तीन महिन्यांनी तपासणीसाठी आला तो थर्मासमध्ये बर्फ घालून, बर्फात बाटली ठेवून. पहाटे गावी नमुना घेतलेला, एसटीनं दोन तास आणलेला, मोठ्या काळजीनं. काचेवर शुक्रजंतू होते, पण एकही हलत नव्हता. गारठलेल्या आणि तासाच्या वर गेलेल्या नमुन्यावरून काहीच सांगता येत नाही, असं मी त्याला सांगितलं. दोन-तीन दिवस संबंध टाळून सोमवारी इथेच येऊन, मागच्या खोलीत नमुना द्यायचा. “पन शेतस ना?” त्यानं विचारलं. आहेत म्हटलं. तो थर्मास उचलून बाहेरच्या बाकावर जाऊन बसला आणि बराच वेळ बायकोला फोन लावत राहिला. रेंज येत नव्हती.