गणित शिकल्याने युक्तिवाद येतो का? एका जुन्या समजुतीची पार्श्वभूमी

गणिताच्या विद्यार्थ्याला तर्कशुद्ध विचार आपोआपच येतो, ही समजूत निदान दोन हजार वर्षे जुनी आहे. इ. स. पूर्व ३००च्या सुमारास युक्लिडने भूमितीची मांडणी मोजक्या गृहीतकांपासून सुरू करून पायरीपायरीने केली. पुढे युरोपातील शाळांत त्याच्या प्रमेयांचा अभ्यास मुख्यतः बुद्धीला शिस्त लावणारा व्यायाम म्हणून होऊ लागला, क्षेत्रफळे काढता यावीत हा त्यामागचा हेतू गौण होता. प्रत्यक्षात मात्र बरेच विद्यार्थी पक्ष, साध्य आणि सिद्धता पाठ करून मोकळे होत असत.

या समजुतीला पहिला मोठा धक्का मानसशास्त्राने दिला. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९०१ मध्ये रॉबर्ट वुडवर्थ यांच्यासह आणि पुढे १९२४ मध्ये हजारो शालेय विद्यार्थ्यांच्या चाचण्यांवरून दाखवले, की एका विषयात कमावलेले कौशल्य दुसऱ्या विषयात फारसे उतरत नाही. भूमितीचे अभ्यासक्रमातील स्थान ज्या कारणाने टिकून होते, ते कारणच यामुळे डळमळले.

त्याला सर्वांत विचारपूर्वक उत्तर दिले ते, माझ्या मते, हॅरॉल्ड फॉसेट यांनी. अमेरिकेतील ओहायो येथे त्यांनी भूमितीचा वर्ग तयार पाठ्यपुस्तकाविना चालवला आणि त्याचा अहवाल १९३८ मध्ये प्रसिद्ध झाला. विद्यार्थी आधी रोजच्या वापरातील शब्दांच्या व्याख्येवरून वाद घालत, व्याख्या बदलली की निष्कर्षही बदलतो हे त्यांना अनुभवाने कळे, मग ते स्वतःच गृहीतके निवडून भूमिती रचत आणि जाहिराती व भाषणे यांतील दडलेली गृहीतकेही त्याच कसोटीवर तपासत. युक्तिवाद आपोआप येत नसेल, तर तो मुद्दाम शिकवावा लागतो, हे येथे वर्गात उतरलेले दिसते.

नंतरची महत्त्वाची भर तत्त्वज्ञांची आहे. स्टीफन टूल्मिन यांनी १९५८ मध्ये दावा, त्याचा आधार, आधारावरून दाव्याकडे नेणारा नियम, दाव्याच्या खात्रीची मर्यादा आणि अपवाद असे युक्तिवादाचे घटक वेगळे करून दाखवले. औपचारिक तर्कशास्त्राचा साचा व्यवहारातील युक्तिवादाला अपुरा पडतो, असे त्यांचे म्हणणे होते, आणि तरीही १९९०च्या दशकात गणित-शिक्षणाचे संशोधक ग्यॉट्झ क्रुमहॉयर यांनी नेमका हाच आराखडा गणिताच्या वर्गातील संवाद तपासण्यासाठी वापरला, ही गंमतच म्हणायची. इम्रे लाकातोश यांनी १९६०च्या दशकात सिद्धता प्रतिउदाहरणांच्या माऱ्यातून कशी घडत जाते हे मांडले. त्याचा दाखला इतिहासातही आहे: शेजारचे प्रदेश वेगळ्या रंगांत राहतील असा कोणताही नकाशा रंगवायला चार रंग पुरतात का, या प्रश्नाची गणितज्ञ केम्प यांनी १८७९ मध्ये दिलेली सिद्धता दुसरे गणितज्ञ हीवुड यांनी दोष दाखवेपर्यंत अकरा वर्षे मान्य होती.

अमेरिकेतील २०१०च्या शालेय मानकांत स्वतः युक्तिवाद रचणे आणि इतरांचा तपासणे या गोष्टी गणिताच्या अपेक्षित सवयींमध्ये स्पष्टपणे नोंदवल्या गेल्या. मूळ प्रश्न मात्र सुटलेला नाही. इंग्लंडमधील उच्च माध्यमिक विद्यार्थ्यांवरील, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वर्षभर गणित शिकलेले विद्यार्थी जर-तर विधानांवरून काढलेली चुकीची अनुमाने नाकारण्यात सुधारले, पण ‘जर अ तर ब, ब नाही, म्हणून अ नाही’ हे योग्य अनुमान स्वीकारण्यात त्यांची प्रगती दिसली नाही.