थकवा, विषाणू आणि आमच्या द्राक्षबियांच्या कॅप्सूल

पाऊस ओसरला की काउंटरवर एक विचारणा हमखास येते. डेंग्यू किंवा चिकुनगुन्या होऊन गेला, रिपोर्ट नॉर्मल आले, तरी जिना चढताना पाय गळतात. अंगात राहिलेला व्हायरस मारणारं काही नैसर्गिक आहे का?

नाही. व्हायरस मारणारं काही आमच्याकडे मिळत नाही. द्राक्षबियांचा अर्क, हळद, आवळा आणि ग्रीन टीच्या कॅप्सूल आम्ही विकतो, त्या पूरक आहार म्हणून. तरीही विचारणा अगदीच निराधार नाही.

तापानंतरचा अशक्तपणा काही आठवड्यांत, कधी दोन-तीन महिन्यांत ओसरतो. काहींचा ओसरत नाही. ऑस्ट्रेलियातल्या डब्बो भागात ग्रंथिज्वर (गळ्याच्या गाठी सुजणारा विषाणूताप), क्यू फीव्हर (जनावरांकडून येणारा जिवाणूताप) आणि रॉस रिव्हर ताप (डासांमुळे होणारा विषाणूताप) आलेल्या रुग्णांवर लक्ष ठेवलं गेलं. २००६ साली निष्कर्ष आले: सहा महिन्यांनंतरही शंभरातले साधारण बाराजण थकलेलेच होते. कुठला जंतू होता यापेक्षा सुरुवातीचा आजार किती जोरात झाला, यावर ते जास्त अवलंबून होतं. या दीर्घ आजाराला डॉक्टर एमई/सीएफएस (क्रॉनिक फटीग सिंड्रोम, म्हणजे दीर्घ थकव्याचा आजार) म्हणतात. सहा महिन्यांहून जास्त थकवा, झोपूनही ताजंतवानं न वाटणं आणि थोड्या श्रमानंतर, बरेचदा दुसऱ्या दिवशी, तब्येत एकदम ढासळणं ही त्याची ओळख. त्याच्या जोडीला डोकं नीट न चालणं किंवा उभं राहिल्यावर त्रास होणं, यापैकी एक तरी असतं.

मग विषाणूच कारण असेल, असं वाटणारच. २००९ मध्ये एक्सएमआरव्ही नावाचा विषाणू या रुग्णांच्या रक्तात सापडल्याचं जाहीर झालं. काही रुग्णांनी तर एचआयव्हीची औषधं सुरू केली. पुढे तो प्रयोगशाळेतले नमुने दूषित झाल्याचा प्रकार निघाला आणि २०११ मध्ये तो शोधनिबंध मागे घेतला गेला. ‘नैसर्गिक अँटिव्हायरल’ असं छापलेली डबी हातात आली की हा किस्सा आठवावा.

वनस्पतींमधल्या अँटिऑक्सिडंटचं, म्हणजे पेशींची झीज रोखणाऱ्या घटकांचं काय? द्राक्षाच्या सालीतलं रेसव्हेराट्रॉल, कांद्यातलं क्वेर्सेटिन, ग्रीन टीमधलं ईजीसीजी, हळदीतलं कर्क्युमिन हे सगळे काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींमध्ये निरनिराळ्या विषाणूंची वाढ रोखताना दिसले आहेत. अडचण पोटातून पुढे सुरू होते. रेसव्हेराट्रॉल आतड्यातून शोषलं जातं, पण आतडं आणि यकृत त्याचं रूप इतक्या झपाट्याने बदलतात की मूळ स्वरूपात रक्तात फारच थोडं उरतं. कर्क्युमिन तर मुळात नीट शोषलंच जात नाही. १९९८ मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी मिऱ्यातलं पायपेरीन सोबत दिल्यावर कर्क्युमिनचं शोषण माणसात वीसपट वाढल्याचं दाखवलं. म्हणून हळदीच्या अनेक कॅप्सूलमध्ये मिरी घालतात. मात्र तेच पायपेरीन इतर औषधांचंही रक्तातलं प्रमाण वाढवू शकतं. बशीतल्या पेशींना जेवढी मात्रा लागते, तेवढी रक्तात पोचतच नाही, हे गणित जाहिरातीत सांगत नाहीत.

एमई/सीएफएसच्या रुग्णांमध्ये ऑक्सिडेटिव्ह ताणाच्या (पेशींना इजा करणाऱ्या रेणूंच्या अतिरेकाच्या) खुणा जास्त दिसल्या आहेत, हे खरं. पण तो ताण आजाराचं कारण की परिणाम, हे ठरलेलं नाही. उपचारांच्या मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलं आहे, की हा आजार बरा करण्यासाठी कुठलंही औषध किंवा पूरक देऊ नये. तिथे भर आहे तो आपल्या ताकदीच्या आत राहून काम आणि विश्रांती वाटून घेण्यावर. ‘रोज थोडं जास्त चाला, आपोआप जाईल’ हा शेजारपाजारचा सल्ला या रुग्णांना उलटा पडू शकतो.

आता आमच्या मालाबद्दल. आपल्याकडची खाण्याची द्राक्षं बहुतेक बिनबियांची. कॅप्सूलमधल्या बिया वाइनच्या द्राक्षांचा रस काढल्यावर उरलेल्या चोथ्यातल्या. त्यात प्रोअँथोसायनिडिन नावाचे अँटिऑक्सिडंट असतात. रेसव्हेराट्रॉल मुख्यतः सालीत असल्यामुळे ‘बियांत रेसव्हेराट्रॉल भरपूर’ हे आम्ही म्हणणार नाही. आणि क्वेर्सेटिनच हवं असेल, तर लासलगावचा लाल कांदा आमच्या कुठल्याही डबीपेक्षा स्वस्त पडतो.

डबी घेण्याआधी डॉक्टरांना विचारून हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर आणि बी-१२ तपासून घ्या. देशात १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५७ स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला, असं २०१९-२१ चं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं. अशा थकव्यावर इलाज लोहाचा. ग्रीन टी जेवणासोबत घेतली तर लोह शोषलं जाण्यात उलट अडथळाच येतो. संध्याकाळी बारीक ताप, रात्री घाम आणि वजन घटत असेल तर आधी क्षयाची तपासणी.

रक्त पातळ करणारी गोळी किंवा केमोथेरपी चालू असणाऱ्यांना, गरोदर बायकांना आणि यकृताचा त्रास असणाऱ्यांना डॉक्टरांच्या परवानगीशिवाय आम्ही या कॅप्सूल देत नाही. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी बीटा कॅरोटीनच्या (गाजरातल्या अँटिऑक्सिडंटच्या) गोळ्या टाळाव्यात: फिनलंडमधल्या चाचणीत, १९९४ मध्ये, त्या घेणाऱ्या धूम्रपान करणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त आढळला होता.

लेबलवर एफएसएसएआयचा (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी परवाना क्रमांक आणि ‘औषधी वापरासाठी नाही’ अशा अर्थाची ओळ असलीच पाहिजे. ती ओळ आम्ही लाजत बारीक अक्षरात छापत नाही.

कॅप्सूल सुरू असताना मळमळ, गडद लघवी, डोळ्यांत पिवळेपणा किंवा अंगाला खाज जाणवली तर लगेच बंद करा. हळद आणि ग्रीन टीच्या अर्कांनी यकृताला इजा झाल्याची उदाहरणं आहेत. पूरकांतून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त ईजीसीजी गेल्यास रक्तात यकृताचे एन्झाइम (यकृताला इजा झाल्याची खूण) वाढू शकतात, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये नोंदवलं आहे. डॉक्टरांकडे जाताना डबी सोबत न्या. उरलेल्या कॅप्सूलचे पैसे आम्ही परत देऊ.